बावीस मजल्यांचा नकाशा, सात स्लॅब : सांगलीतल्या एका अर्धवट टॉवरचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून जागा, मजले, फ्लॅटची संख्या आणि काही तपशील बदलले आहेत. माझा संबंध शेवटी आला. खरेदीदारांच्या समितीने उभा असलेला सांगाडा तपासायला मला बोलावलं, तेव्हा काम थांबून दोन पावसाळे उलटले होते. आधीचा भाग कागदपत्रं, बैठकांच्या नोंदी आणि सगळ्या बाजूंशी झालेल्या बोलण्यावरून लिहिला आहे. माझी स्वतःची एक चूकही त्यात आहे, ती ओघात येईलच.

पार्श्वभूमी

शंभर फुटी रस्त्याच्या बाजूच्या सखल पट्ट्यात एका कुटुंबाची दीड एकर जागा होती. घराणं मार्केट यार्डात हळदीची अडत करणारं. चार चुलतभावांची नावं सातबाऱ्यावर, पण शब्द चालायचा तो आबांचा. बिल्डर स्थानिक. त्याने वीस वर्षांत रो-हाउसच्या पाच-सहा योजना आणि चार मजली अपार्टमेंट पूर्ण केली होती. ताबा देताना महिना-दोन महिने उशीर व्हायचा, पण माणूस पळून जाणारा नव्हता. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण असं प्रकरण ऐकलं की लोकांच्या तोंडी पहिला शब्द ‘फसवणूक’ येतो. इथे फसवणूक शोधत बसलात तर खरी गोष्ट निसटेल.

२०१४ मध्ये विकसन करारनामा झाला. बांधून होणाऱ्या फ्लॅटपैकी ४० टक्के आणि तळमजल्यावरची दुकानं जमीनमालकांची, बाकीचे फ्लॅट बिल्डरचे.

पुण्याच्या आर्किटेक्टने दोन नकाशे आणले होते. एकात सात मजल्यांच्या तीन विंग. दुसऱ्यात एकच टॉवर : तळमजला, त्यावर पार्किंगचा पोडियम, वर वीस निवासी मजले, म्हणजे एकूण बावीस. प्रत्येक मजल्यावर सहा फ्लॅट. मुंबईच्या माणसाला बावीस मजल्यांचं हसू येईल. पण जिथे सात मजली इमारतीला लोक अजूनही ‘ती उंच बिल्डिंग’ म्हणून पत्ता सांगतात, तिथे बावीस मजले म्हणजे गगनचुंबीच.

पहिला निर्णय : तीन विंग की एक टॉवर

त्या बैठकीला हजर असलेल्या आर्किटेक्टच्या सहायकाने मला सांगितलं, की तीन विंगांचा नकाशा टेबलावर पाच मिनिटंही राहिला नाही. आबा म्हणाले, “मिरजेकडनं येणाऱ्याला लांबनं दिसाय पायजे.” बिल्डरलाही ते हवंच होतं. रो-हाउसवाला ही ओळख त्याला पुसायची होती.

दोन्ही नकाशांत मिळणारं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच होतं. टॉवरमुळे मोकळी जागा जास्त सुटत होती, बाग मोठी होत होती, आणि वरच्या मजल्यांना चौरस फुटामागे जादा दर लावता येत होता. कागदावर टॉवर सरस दिसत होता. कागदावर न दिसलेली गोष्ट एकच : बिल्डरची पैसा फिरवण्याची पद्धत.

तो बुकिंगवर बांधायचा. सांगलीत बहुतेक जण असंच बांधतात, आणि रो-हाउसला ते चालूनही जातं. पहिली ओळ बांधायची, ताबा द्यायचा, उरलेले हप्ते आले की दुसरी ओळ घ्यायची. पैसा आटला तर दुसरी ओळ थांबते, पण पहिल्या ओळीत तोवर माणसं राहायला आलेली असतात, अंगणात तुळस लागलेली असते. तीन विंगांचंही असंच झालं असतं. ‘अ’ विंग पूर्ण, तिला भोगवटा प्रमाणपत्र, मग ‘ब’.

टॉवरला ओळी नसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ताबा द्यायचा तर बाविसाव्याच्या डोक्यावरची पाण्याची टाकी हवी, लिफ्ट हव्यात, आगीसाठीचे पंप आणि उभे पाइप हवेत, अग्निशमनचा अंतिम दाखला हवा. डोक्यावर सेंट्रिंग ठोकणं चालू असताना खाली संसार थाटू देणार कोण? म्हणजे सगळा खर्च आधी, सगळा ताबा शेवटी. मधली चार-पाच वर्षं बिल्डरने स्वतःच्या किंवा कर्जाच्या दमावर काढायची. हा दम किती आहे, हा प्रश्न त्या टेबलावर कुणीच विचारला नाही. आर्किटेक्टने विचारायला हवा होता, पण मोठ्या कामाची फी समोर दिसत असताना तो विचारणं सोपं नसतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

खड्डा

२०१५ च्या दसऱ्याला भूमिपूजन झालं. माहितीपत्रकावर कृष्णेच्या दिशेने पाहणारी गॅलरी आणि खाली ‘पुराची चिंता कायमची मिटवा’ अशी ओळ. २००५ चा पूर लोक विसरले नव्हते. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५० फुटांच्या पुढे गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्यामुळे ही ओळ चालली. पहिल्या वर्षात तीसेक बुकिंग झाली : निवृत्त शिक्षक, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, मुलं परदेशात असलेले आईवडील.

फ्लॅटविक्रीसाठीचा त्या काळातला मोफा कायदा नोंदणीकृत करार केल्याशिवाय २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ देत नव्हता. प्रत्यक्षात कित्येकांनी साध्या पावतीवर ३०-३५ टक्के दिले. त्यातली काही रक्कम खोदाईत गेली, काही दुसऱ्या एका जागेच्या इसारात. बिल्डरने हे लपवलं नाही. “पाच योजना अशाच उभ्या केल्या,” असं तो मला म्हणाला, आणि ते खरंच होतं.

आता या प्रकरणातला मला सर्वांत शिकवून गेलेला भाग. जागा काळ्या मातीची, खाली मुरूम, मग खडक. टॉवरसाठी राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली पसरलेला काँक्रीटचा जाड पाया, आणि त्याबरोबर साडेचार मीटर खोल बेसमेंट. बेसमेंट फक्त टॉवरखाली नव्हतं, बाजूच्या पोडियमखालीही पसरलं होतं. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखालच्या कोरड्या कोठाराची आपली जुनी विद्या. २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांतही शिरलं होतं. आबांच्या घराण्याची हळद पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली. तरीही, सखल भागात जमिनीच्या खाली जाऊ नका, हे त्या घरातून कुणी बोललं नाही.

नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली आणि व्यवहारातला रोखीचा भाग एका रात्रीत आटला. तरी २०१७ च्या उन्हाळ्यात राफ्ट आणि बेसमेंटच्या भिंती झाल्या. जुलैत पाऊस लागला. खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप डिझेलवर होता आणि डिझेलवाल्याचं बिल तुंबलं होतं. त्याने पुरवठा थांबवला. पंप बंद पडला.

बाहेरच्या मातीत पाणी जमिनीपर्यंत चढलं की साडेचार मीटरच्या रिकाम्या तळघराला खालून दर चौरस मीटरला साडेचार टनांचा रेटा बसतो. वर बावीस मजले असते तर हा रेटा कुणाच्या खिजगणतीत नसता. पण पोडियमच्या बाजूला तेव्हा राफ्ट आणि एक स्लॅब एवढंच वजन होतं, जेमतेम अडीच टन. रिकामी घागर पाण्यात दाबून धरा आणि हात सोडा. राफ्ट उचलला गेला, टॉवर आणि पोडियमच्या सांध्यावर भेग पडली.

अशा वेळी करायची गोष्ट मनाला पटणारी नसते : पंप चालणार नसेल तर भिंतीतली भोकं उघडून पाणी मुद्दाम आत घ्यायचं. आत-बाहेर पाणी सारखं झालं की रेटा संपतो. साइटवरच्या तरुण इंजिनिअरला हे सुचलं होतं, त्याने फोनही केला. “बेसमेंट बुडवायचं म्हणतोस?” असं म्हणून त्याला गप्प केलं गेलं. काही हजारांच्या डिझेलपायी दुरुस्तीत दोन-अडीच महिने आणि बरीच मोठी रक्कम गेली.

पैसा आणि पाणी

त्याच सुमारास घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा रेरा कायदा लागू झाला होता. चालू प्रकल्पांना ३१ जुलै २०१७ पर्यंत नोंदणी करायची होती, ती झाली. यापुढे येणाऱ्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए अशा तिघांच्या दाखल्यांशिवाय काढायचे नाहीत. पुढच्या खरेदीदारांसाठी हे संरक्षण होतं. पण आधीचे पैसे आधीच खर्चून गेले होते, आणि एका योजनेचे पैसे दुसरीकडे फिरवायची वाट आता बंद झाली. बिल्डर म्हणतो रेराने त्याला मारलं. माझ्या मते रेराने फक्त दिवा लावला.

२०१८ च्या मध्यावर एका वित्त कंपनीने बांधकामासाठी कर्ज मंजूर केलं, पहिला हप्ता आला. सप्टेंबरमध्ये आयएलअँडएफएस ही मोठी वित्त कंपनी बुडीत निघाली, देशभरातल्या वित्त कंपन्यांनी हात आखडले, दुसरा हप्ता आलाच नाही. इथे दुसरा मोठा निर्णय होता. चार स्लॅब झाले होते. थांबून हिशेब मांडता आला असता. पण काम थांबलेलं दिसलं तर बुकिंग रद्द होतील या धास्तीने सिमेंट आणि लोखंड उधारीवर उचलून आणखी तीन स्लॅब चढवले. जुलै २०१९ मध्ये सातवा स्लॅब पडला.

ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. प्लॉटवर कमरेएवढं पाणी, बेसमेंट रॅम्पवरून भरलं. इमारतीला काही झालं नाही, सांगाड्याला पुराचं फारसं सोयरसुतक नसतं. बदललं ते लोकांचं मन. वीज नाही, नळाला पाणी नाही, अशात पूरग्रस्त भागातल्या चार-पाच मजली इमारतींत वर अडकलेल्या लोकांना काय भोगावं लागलं ते सगळ्या गावाने पाहिलं. चौदाव्या मजल्यावर बुकिंग केलेले एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, “घर बुडणार नाही हो, पण मी उतरणार कसा?” पाण्याचे पंप, लिफ्टचा जनरेटर सगळं नकाशात बेसमेंटमध्येच होतं. माहितीपत्रकातली ती ओळ त्या आठवड्यात मेली. मजूर गावी गेले, आणि परत यायच्या आत मार्च २०२० ची टाळेबंदी आली.

समोरचे पर्याय

२०२१ मध्ये समिती बनली, तेव्हा ४३ खरेदीदार होते. चौदा जणांचे फ्लॅट उभ्या असलेल्या पाच निवासी मजल्यांवर, एकोणतीस जणांचे हवेत. समितीच्या प्रमुख एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. भावनेवर बैठक चालू न देण्याचं कसब त्यांच्याकडे होतं.

बावीस मजले पूर्ण करायला कुणी मोठा विकसक मिळतो का, हे आधी पाहिलं. पुण्याहून दोघे येऊन गेले. सांगलीच्या दराला बावीस मजल्यांचा खर्च झेपत नाही, असं दोघांनी चहा संपायच्या आत सांगितलं. उंची वाढते तसा चौरस फुटाचा खर्च वाढतो, विक्रीचा दर मात्र गावाचाच राहतो.

रेराच्या कलम १८ खाली व्याजासह परतावा मागणं हा सरळ हक्क होता. आदेश मिळतो, मग वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. अडचण अशी की जमीन बिल्डरच्या नावावर नव्हतीच. जप्त करायचं काय? दिवाळखोरी कायद्याचा मार्गही चर्चेत आला. प्रकल्पातल्या किमान दहा टक्के घेणेकऱ्यांनी एकत्र यावं लागतं, ते जमलं असतं. पण तिथे आधी तारण असलेली वित्त कंपनी येऊन बसणार, हे मॅडमनी स्वतःच्या नोकरीतल्या अनुभवावरून सांगितलं आणि तो विषय मिटला.

उरला तो उंची कमी करण्याचा पर्याय, आणि त्यावर मी अजूनही अडून बसतो. शिकागोत २,००० फुटांचा एक मनोरा २००७ मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी पैशाअभावी थांबला. पाण्याकाठचा मोठा गोल खड्डा वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला, आणि शेवटी त्याच जागेसाठी कमी उंचीच्या दोन इमारती मंजूर झाल्या. बँकॉकमधली ४९ मजली इमारत मात्र १९९७ च्या आर्थिक संकटात जवळपास पूर्ण होऊन अडकली, ती आजही भुतासारखी उभी आहे. खड्ड्यात थांबलेल्याला बदलता येतं, माथ्याजवळ थांबलेल्याला नाही. आपण सातव्या स्लॅबवर होतो. बदलायला अजून वाव होता.

गणित असं : इमारत बाराव्यावर थांबवली तर दहा निवासी मजले, ६० फ्लॅट. जमीनमालकांचे ४० टक्के म्हणजे २४. उरतात ३६, आणि खरेदीदार ४३. सात फ्लॅट कमी. आबांच्या कुटुंबाने २४ ऐवजी १७ घेतले तर हिशेब फ्लॅटला फ्लॅट जुळत होता.

काय केलं

मला विचारलेला प्रश्न नेमका होता : या सांगाड्यावर आणखी पाच मजले चढतील का? पाया बावीसचा होता, त्यामुळे पायाची काळजी नव्हती. सातव्या स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया दोन पावसाळे उघड्या राहून गंजल्या होत्या. बेसमेंटमध्ये पाणी, सांध्यावरची जुनी भेग पुन्हा उघडलेली. कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, काढले, काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर फिरवला, गंज खरवडून सळयांचे व्यास मोजले. काँक्रीट चांगलं निघालं. त्या तरुण इंजिनिअरने काम नेटकं केलं होतं. गंजलेल्या सळया कापून नव्या रासायनिक अँकरने, म्हणजे भोकात रसायन भरून, बसवायच्या, पोडियमचा राफ्ट खडकात अँकर करायचा किंवा तो भाग भरून टाकायचा, हा माझा सल्ला.

चूक इथे झाली. मॅडमना आबांकडे लगेच जायचं होतं. मी म्हटलं, अहवाल हातात येऊ द्या, मग बोला. कोअरचे निकाल, दुरुस्तीचा आराखडा, खर्चाचा अंदाज यांत चार महिने गेले. ‘बारा मजले होतील, दुरुस्ती शक्य आहे’ एवढं एका पानावर मी पंधरा दिवसांत लिहून देऊ शकलो असतो. पूर्ण अहवालाशिवाय तोंड उघडायचं नाही, ही आमच्या धंद्याची सवय.

दरम्यान समितीने मतं घेतली. नकाशात असा बदल करायला दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, म्हणजे ४३ पैकी २९. पहिल्या बैठकीत २६ आल्या. अडले ते सगळ्यांत वरचे, ज्यांनी मजल्याचा जादा दर भरला होता. एकाने विचारलं, “मी एकोणिसाव्याचे पैसे दिलेत, मला नववा का?” मॅडमनी जादा दराची रक्कम पुढच्या हप्त्यांतून वळती करायची आणि आठव्या ते बाराव्याचे फ्लॅट चिठ्ठ्या टाकून वाटायचे, असा तोडगा काढला. दुसऱ्या बैठकीत ३१ सह्या झाल्या.

आबांची भेट झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. सात फ्लॅट सोडायला त्यांनी तोंडी होकार दिला. “बारा तर बारा, दिवा लागूद्या तिथं,” म्हणाले. सह्यांसाठी पुढच्या आठवड्याची वेळ ठरली. तो आठवडा आला नाही.

निष्पत्ती

आबांच्या दिवसकार्यानंतर एका चुलतभावाच्या मुलांनी वाटणीचा दावा लावला. न्यायालयाने जागेबाबत ‘जैसे थे’चा आदेश दिला. सुधारित नकाशा महापालिकेत दाखलच होऊ शकला नाही. बावीस मजल्यांचा टॉवर तर संपलाच होता, बाराचाही संपला.

४३ पैकी १६ जणांनी बिल्डरशी तडजोड केली. व्याज सोडून मुद्दल हप्त्यांनी, काहींनी त्याच्या दुसऱ्या योजनेतला प्लॉट घेतला. नऊ जणांकडे परताव्याचे आदेश आहेत, वसुली व्हायची आहे. अठरा जण अजून थांबून आहेत. त्यांतल्या कित्येकांचं गृहकर्ज चालू आहे. बिल्डर पुन्हा रो-हाउस बांधतो, आणि चांगली बांधतो.

वेगळं काय करता आलं असतं

तीन विंगा, हे तर उघडच आहे. टॉवर हवाच होता तर नकाशातच थांब्याची जागा ठेवता आली असती. बाराव्यावर पूर्ण होऊ शकेल अशी मंजुरी, लिफ्ट आणि टाक्यांची तशी आखणी, आणि पैसा असेल तरच वरचे मजले. पंप, जनरेटर, वीजपुरवठ्याचं सामान पोडियमवर ठेवता आलं असतं. सांगलीत बेसमेंटमध्ये ते ठेवणाऱ्याला मी आता सरळ सांगतो की सही करणार नाही.

करारनाम्यात एक कलम हवं होतं : योजना छोटी झाली तर जमीनमालकाचा वाटा किती उतरेल. ते असतं तर आबांच्या अंथरुणाशी जायची वेळ आली नसती. खरेदीदारांपैकी ज्यांनी करार नोंदवले नव्हते, त्यांना पुढे आपण खरेदीदार आहोत हेच आधी सिद्ध करत बसावं लागलं. पावतीवर समाधान मानणाऱ्यांत दोन वकीलही होते.

२०१८ च्या चौथ्या स्लॅबविषयी मात्र माझं आणि मॅडमचं एकमत नाही. तिथे थांबायला हवं होतं असं मी म्हणतो. त्या म्हणतात, तिथे थांबला असता तर समितीही बनली नसती, चार स्लॅबसाठी कोण एकत्र आलं असतं?

आज

सांगाडा आहे तसा आहे. बेसमेंट पाण्याने भरलेलं असतं, आणि आता ते तसंच राहू द्या असं मीच लिहून दिलं आहे. पोडियमपर्यंत जाणारा रॅम्प पक्का आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा आसपासच्या लोकांनी वॉचमनला विनवून गाड्या त्या रॅम्पने वर नेल्या. आता दर पावसाळ्यात आयर्विनची पातळी ४० फुटांकडे सरकली की वॉचमनचा फोन वाजायला लागतो. पोडियमवर चारचाकी, वरच्या स्लॅबवर ढकलत नेलेल्या दुचाकी. गेल्या खेपेला मुख्याध्यापकांची जुनी मारुतीही तिथेच होती. वॉचमनने जागा दाखवली तर म्हणाले, “अरे, ही नको, मला वरची दे. मी चौदाव्याचा आहे.”